रवींद्ररावांचे प्रस्थान

बार्सिलोनाला नोव्हेंबरात काय घालतात, या प्रश्नाने ओटावाच्या रवींद्ररावांची झोप उडवली होती. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यापासून त्यांचा दिवस पूजा, हरिपाठ आणि दारातला बर्फ फावड्याने उपसणे यांत सुखाने मावळत असे. थंडी म्हणजे थंडी, हे त्यांना कळे. पण थंडीही नाही आणि ऊनही नाही, असल्या निर्गुण हवेसाठी बॅग कशी भरावी?

टोरांटोहून लेक जाई म्हणाली, "लेअर्स, बाबा! जस्ट लेअर्स."

रवींद्ररावांनी थर रचले. तळाशी थर्मल, त्यावर पातळ सदरे, त्यावर जाडजूड पार्का कोट आणि सर्वांत वर पूजेचे रेशमी सोवळे.

"अहो, हे नेसून समुद्रावर हिंडणार?" चित्राताईंनी विचारले.

"पूजा कशात करू?"

"करा कशातही. पण ऐकून ठेवा. मागे एकदा ग्रहण आडवं आलं, एकदा अमावास्या. या वेळी विमान सुटेल तेव्हा मी त्यात असेन. तुमचं तुम्ही बघा."

विमान शनिवारचे होते. रवींद्ररावांनी पंचांग उघडले आणि त्यांचा चेहरा उतरला. शनिवारी पूर्वेला दिशाशूल! बार्सिलोना नेमकी पूर्वेला. पण शास्त्र दयाळू आहे. (निदान त्यांना तसे वाटे.) प्रवासाचा दिवस वाईट असेल, तर आधीच्या चांगल्या दिवशी आपले सामान दुसऱ्याकडे नेऊन ठेवावे, की प्रस्थान झाले, प्रवास त्याच दिवशी सुरू झाला असे मानतात. मात्र उंबऱ्याबाहेर गेलेले सामान पुन्हा घरात आणायचे नाही.

गुरुवारी सुमुहूर्तावर त्यांनी बॅग शेजारच्या मिलिंदकडे पोचवली. प्रस्थान परिपूर्ण व्हावे म्हणून आपला पासपोर्टही तीत घातला. चित्राताईंचाही मागितला, त्यांनी पर्सची चेन ओढून घेतली.

"काका, डिकीतच टाकतो," मिलिंद म्हणाला. "शनिवारी एअरपोर्टला मीच सोडणार आहे ना."

शुक्रवारी चित्राताई ग्रोसरीला गेल्या होत्या आणि रवींद्रराव मौन धरून जपाला बसले होते. तेवढ्यात खिडकीबाहेर मिलिंद येऊन काहीतरी ओरडू लागला. कॅनडातल्या दुहेरी काचांतून वारा येत नाही आणि शब्दही येत नाही. मिलिंदने डिकी उघडली, बॅगेकडे बोट दाखवले, मग रवींद्ररावांच्या दाराकडे. बॅग घरात आणतोय! माळ सावरत त्यांनी हात असा काही झटकला, की मिलिंदने मान डोलावली, डिकी बंद केली आणि गाडी काढली. एक संकट टळले, म्हणून त्यांनी देवाला नमस्कार केला.

शनिवारी मिलिंद आला नाही. रवींद्ररावांनी फोन लावला.

"काका, मी हॅलिफॅक्सला आहे."

"हॅलिफॅक्सला? आणि माझी बॅग?"

"तीही आहे. इथे माझ्या भावाचा, अनिशचा पाय मोडला, तातडीने निघावं लागलं. बॅग आत ठेवू का, म्हणून केवढा ओरडत होतो! तुम्हीच नको नको केलंत. मला वाटलं, काका-काकूंचा जायचा बेत रद्द झाला."

"अरे, पण तीत माझा पासपोर्ट!"

"अरे देवा! सोमवारी कुरियर करतो, काका."

रवींद्ररावांनी फोन ठेवला. त्यांचे सामान सुमुहूर्तावर निघून चौदाशे किलोमीटर पूर्वेला पोचलेही होते. शास्त्राची काही चूक नव्हती. "चित्रा," ते चाचरत म्हणाले, "तिकिटं पुढे ढकलता येतील का गं?"

त्यांनी वळून पाहिले, तर दारात टॅक्सी उभी होती आणि चित्राताई आपली छोटी बॅग स्वतःच मागे ठेवत होत्या.

"फ्रीजमध्ये आमटी आहे," त्या म्हणाल्या आणि बसल्या.

चार दिवसांनी फोन आला. मागे समुद्र गाजत होता. चित्राताईंचा असा मोकळा आवाज रवींद्ररावांनी बऱ्याच वर्षांत ऐकला नव्हता.

"बॅग आली गं!" ते उत्साहाने म्हणाले. "पासपोर्टही आहे. उद्याच्याच विमानाने येतो!"

"घाई करू नका हो," चित्राताई अतिशय मायेने म्हणाल्या. "मी इथे फोनवर पंचांग बघितलं. मी परत येईपर्यंत एकही दिवस चांगला नाही."