पप्पांच्या सर्व्हरमधला चोर

मालाडच्या ऑफिसात माधुरीचा लौकिक होता. कुठल्याही गावचा सर्व्हर रुसला तरी ती जागेवरून न उठता त्याला बोलता करायची. यंत्र नाशिकचं असो की नागपूरचं, ती आपल्या खुर्चीत बसून त्यात शिरणार, आतलं दुखणं काढणार आणि हातातला चहा निवायच्या आत बाहेर येणार. त्यामुळे गुरुवारी दुपारी तिने आईला फोनवर जे सांगितलं त्यात बढाई होती असं तिला अजिबात वाटलं नाही. पप्पांच्या कॉम्प्युटरमधून एक गाणं तर काढायचंय, त्यासाठी घाटकोपरला कशाला यायला हवं? इथूनच होईल.

आई म्हणाली, आलीस तर जेवून जाशील. माधुरी पुन्हा म्हणाली, इथूनच होईल.

वर्षभर ती हेच म्हणत आली होती. विजेचं बिल इथूनच होईल, पेन्शनचं इथूनच होईल. घाटकोपरला ती जायची, नाही असं नाही. पण बाहेरच्या खोलीत बसायची आणि तिथूनच परत फिरायची. आतल्या खोलीत खिडकीशी पप्पांची खुर्ची होती आणि खुर्चीसमोर तो कॉम्प्युटर.

रविवारी पप्पांना जाऊन वर्ष होत होतं. विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. वंदना झाली की त्यांच्याच आवाजातलं चवदार तळ्याचं गाणं लावायचं, असं सगळ्यांनी ठरवलं होतं. गाणं त्यांनीच रचलेलं, त्यांनीच गायलेलं, आणि ते जगात फक्त त्या एका डबड्यात होतं. डबडं अलीकडे खलबत्त्यात मिरच्या कुटल्यासारखा आवाज काढायला लागलं होतं. असा आवाज काढणारी डिस्क एखाद्या दिवशी न सांगता कायमची गप्प होते, हे माधुरीला धंद्यामुळे चांगलं माहीत होतं.

भीमराज पप्पांनी हे डबडं रिटायर झाल्यावर घेतलं. एक ऑफिस बंद होत होतं, तिथून ते टॅक्सीत मांडीवर घेऊन आले. आल्या आल्या त्यांनी त्याचं नाव सर्व्हर ठेवलं, कारण त्यांच्या गायन पार्टीतली माणसं आपापल्या घरून त्यातली गाणी उतरवून घेणार होती. त्याला कॉम्प्युटर म्हटलेलं त्यांना चालत नसे. बाजूच्या रतनमावशी एकदा टीव्ही म्हणाल्या, तर पप्पा त्यांच्याशी आठवडाभर नीट बोलले नव्हते.

लांबून आत शिरायची सोय माधुरीनेच करून दिली होती. पासवर्डही तिनेच ठेवला होता. पण पप्पा जन्मभर गाणारे. तोंडाने म्हटल्याशिवाय त्यांच्या बोटाला अक्षर सापडायचं नाही. डाव्या हाताने कीबोर्ड झाकायचे, उजव्या बोटाने टाइप करायचे आणि एकेक अक्षर मोठ्याने म्हणायचे. अख्ख्या मजल्याला तो पासवर्ड पाठ होता. हे धोक्याचं आहे असं माधुरीने समजावलं, तेव्हापासून ते हळू आवाजात म्हणू लागले. मग तो फक्त जिन्यापर्यंत जायचा.

आईने मात्र त्या यंत्राला बोट लावलेलं माधुरीने कधी पाहिलं नव्हतं. ती त्याला सवत म्हणायची. रोज वरून फडकं मारायची, तेही जरा जोरातच.

तर माधुरीने पहिला प्रयत्न केला आणि सर्व्हर सापडेना. घाटकोपर नावाचं काही अस्तित्वातच नसावं, असा निरोप पडद्यावर आला. तिने फोन लावला. आई म्हणाली, सगळं चालू आहे, हिरवा दिवा लागलाय. हिरवा दिवा कशावर? तर मिक्सरच्या बटणावर. मग बराच वेळ प्रश्नोत्तरं झाली आणि शेवटी माधुरीला आठवलं. इंटरनेटचा डबा पप्पांनी फळीवर, बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांच्या फोटोच्या मागे ठेवला होता, तिथे रेंज चांगली येते म्हणून. आणि फोटोभोवतीची दिव्यांची माळ व तो डबा, दोन्ही एकाच बटणावर. आई दिवसा माळ बंद ठेवायची. दिवसा उजेडात दिवे कशाला?

"आई, फोटोची माळ लाव," माधुरी म्हणाली.

पलीकडच्या टेबलावरची दीप्ती टाइप करायची थांबली. "असा चालू करतात सर्व्हर तुमच्याकडे?"

"आमच्याकडे असाच."

माळ लागली आणि घाटकोपर जागं झालं. माधुरी आत शिरली. तिथला नियम असा होता की एका वेळी एकच माणूस आत. लांबून कोणी शिरलं की घरच्या पडद्याला कुलूप, घरून कोणी उघडलं की लांबचा बाहेर. आत सुरू असलेलं सगळं, आवाजासकट, जो आत असेल त्याच्याकडे जायचं. हे सगळं माधुरी रोज दुसऱ्यांना समजावत असे. पण त्या दिवशी ते तिला आठवलं नाही, कारण तिच्या हेडफोनमध्ये पप्पा गायला लागले होते.

वर्षभरात तिने तो आवाज ऐकला नव्हता. मुद्दाम ऐकला नव्हता. तिचा हात माउसवर तसाच राहिला. दोन ओळी झाल्या, तिसरीचा सूर वर चढला आणि पडदा काळा. निरोप आला की दुसऱ्या कोणीतरी प्रवेश केल्यामुळे आपल्याला बाहेर काढण्यात आलं आहे.

ती पुन्हा शिरली. पप्पा चौथ्या ओळीवर पोचले होते. पुन्हा बाहेर. आता तिने खाली उघडलेली फाइल पाहून ठेवली होती. ते तळ्याचं गाणं नव्हतं, फाइलीचं नाव 'तालीम' होतं. कोणीतरी पप्पांच्या सर्व्हरमध्ये बसून पप्पांची तालीम ऐकत होतं.

तिने आईला फोन केला. घरी कोणी आलंय का? कोणी नाही. मग तू काय करतेस? मी जरा पडलेय, आई म्हणाली, आणि घाईने फोन ठेवला.

"हॅकर," माधुरी दीप्तीला म्हणाली.

"भीमगीतं ऐकणारा हॅकर?" दीप्तीने खुर्ची सरकवली. "काही चोरलं का त्याने?"

"नाही. ऐकतोय नुसता."

"मग चोर रसिक आहे. पासवर्ड कोणाकोणाला माहीत आहे?"

माधुरीने मनात मजला मोजायला घेतला आणि सोडून दिला.

मग घनघोर लढाई झाली. माधुरी शिरायची, चोर तिला काढायचा. ती 'तालीम' बंद करायची, चोर ती पहिल्यापासून लावायचा. तळ्याचं गाणं उतरवायला घ्यावं तर निम्म्यात तुटायचं, आणि डिस्क मिरच्या कुटतच होती. चोर बिचारा सावकाश टाइप करत असावा, कारण प्रत्येक वेळी माधुरीला थोडी उसंत मिळत होती. पण चिवट इतका की हटायला तयार नाही. शेवटच्या झटापटीत माधुरी इतक्या त्वेषाने पुढे झुकली की हेडफोनची वायर निघाली आणि पप्पांचा आवाज स्पीकरमधून अख्ख्या ऑफिसात घुमला:

"ए, मागे कोण बोलतंय? तालीम आहे की मच्छीबाजार? गप्प बसा आधी!"

सगळा मजला गप्प बसला. नागपूरच्या गिऱ्हाइकाला झापणारे साहेबही फोन हातात धरून उभे राहिले. कोणाला कळेना हा कोण, पण त्याचं ऐकायला हवं हे सगळ्यांना कळलं.

"आणि सहदेव," पप्पा म्हणाले, "पेटी वाजवतोयस का पिठाची गिरणी चालवतोयस?"

दीप्ती तोंडावर ओढणी धरून टेबलाखाली गेली. माधुरी हसली, आणि मग तिला वायर लावता येईना, कारण वायरीचं भोक नीट दिसत नव्हतं. डोळे पुसून तिने चोराच्या आधी एक काम उरकलं. पासवर्ड बदलला.

मग शांतता पसरली. कोणी तिला बाहेर काढलं नाही. तळ्याचं गाणं हळूहळू उतरायला लागलं. माधुरीने विजयी वीरासारखी पाठ टेकली, आणि फोन वाजला. आई होती.

"माधुरी, समजा एखाद्याचा पासवर्ड चालेनासा झाला, तर काय करायचं असतं गं?"

"कोणाचा?"

"रतनचा."

"रतनमावशींकडे कॉम्प्युटर कुठे आहे?"

पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

"आई, तू पडली होतीस ना?"

"पडल्या पडल्या ऐकत होते," आई म्हणाली. आवाज चोरीचा नव्हता, पण रोजचाही नव्हता. "मध्येच बंद पडायचं. मला वाटलं, रुसतंय. ह्यांच्यासारखंच आहे ते, पुन्हा पुन्हा मनवावं लागतं. आता मात्र घेतच नाही. गेलं का गं ते?"

तो आवाज वर्षभरात दुसऱ्यांदा बंद झाला होता, आणि ह्या वेळी माधुरीनेच तो बंद केला होता. नवा पासवर्ड ती फोनवर सांगू शकली असती. इथूनच झालं असतं. पण गाणं उतरवणं निम्म्यात सोडून तिने साहेबांकडे अर्ध्या दिवसाची सुट्टी मागितली. मघाच्या दटावणीनंतर साहेब अजून सावरलेले नव्हते. त्यांनी नुसती मान हलवली.

अंधेरीहून मेट्रो धरून ती घाटकोपरला उतरली. दार आईने उघडलं, आणि माधुरी चप्पल काढून सरळ आतल्या खोलीत गेली. खुर्चीवर पप्पांची उशी तशीच होती, मधोमध दबलेली. बाजूला आईने आपल्यासाठी स्टूल ओढून ठेवलं होतं. ती रोज स्टुलावर बसायची. खुर्चीत नाही.

माधुरीही खुर्चीत बसली नाही. उभ्यानेच तिने पासवर्ड पूर्वीचा करून दिला, पेन ड्राइव्ह लावला आणि तळ्याचं गाणं त्यात घेतलं. डिस्कने मिरच्या कुटल्या, कण्हली, पण गाणं दिलं. रविवारची चिंता मिटली.

"लाव ना तुझं," ती म्हणाली.

आईने उजव्या हाताचं एक बोट पुढे केलं. एकेक अक्षर शोधत, ओठांत पुटपुटत, तिने 'तालीम' उघडली. पप्पा गायले, सहदेवला झापलं, मग पुन्हा गायले. मागे आठदहा गळ्यांचा कोरस होता. लहानपणी ह्याच खोलीत माधुरी अभ्यासाची वही मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसायची आणि हा कोरस तिच्या गणितांवरून जायचा. एका जागी सगळे थांबले.

"कमल, तू का थांबलीस?" पप्पांनी विचारलं.

"तुम्हीच थांबलात," आईचा आवाज रेकॉर्डिंगमधून आला.

"मी श्वास घेत होतो."

"मग सांगून घ्यायचा."

सगळे हसले. स्टुलावरची आई हसली नाही. ती कोरसची पुढची ओळ पडद्याकडे बघत अगदी बारीक आवाजात म्हणत होती. ती ह्यासाठी रोज बसायची तर. गाण्यासाठी नाही, ह्या भांडणासाठी.

संपल्यावर माधुरीने विचारलं, रविवारी हेच लावायचं का?

"छे. रविवारी चांगलं गाणं लाव, लोकांसाठी. हे घरचं आहे."

"मग तुझ्या फोनवर टाकून देते. डिस्कचा भरवसा नाही."

आईने नाइलाजाने होकार दिला, पण फोनवर ऐकणार नाही म्हणाली. फोनवर सगळ्या जगाचे आवाज येतात.

तेवढ्यात दीप्तीचा मेसेज आला, चोर सापडला का? सापडला, आता जेवायला वाढतोय, असं माधुरीने कळवलं. जेवताना तिने आईला कबूल केलं की मघापासून कॉम्प्युटर बंद पाडणारी ती स्वतःच होती. आईने वाटीत आमटी ओतता ओतता तिच्याकडे पाहिलं.

"पुन्हा तिकडून येऊ नकोस. तू आत आलीस की ते मला बाहेर काढतं. यायचं तर दारातून ये."

माधुरीने मान डोलावली. दर गुरुवारी येईन म्हणाली, दुपारच्या जेवणालाच.

"दुपारी नको," आई म्हणाली. "दुपारी मी ऐकत असते. बेल ऐकू येत नाही."