बुवांचा उपास

स्वतःच्या तोंडानं स्वतःची स्तुती करायची नाही, असा माझा एक नेम आहे. आज तो घटकाभर बाजूला ठेवते. वजनाच्या बाबतीत माझा हात धरणारं कुणी नाही! भाजीवाल्यानं टोमॅटो काट्यावर टाकायच्या आधी मी हातात तोलून 'नऊशे' म्हणते आणि त्याचा काटा मुकाट्यानं नऊशेवर येऊन उभा राहतो. आमचे हे सकाळी फिरून आले की जिन्यावरच्या पावलांवरून मला कळतं, बेकरी आज उघडी होती की बंद! त्यामुळे लेकीनं आपला सरडा माझ्या हवाली केला आणि 'आई, दर रविवारी याचं वजन कर' असं बजावलं, तेव्हा मी मनातल्या मनात हसले. मोठ्यानं हसत नाही मी. तोही नेमच.

सरडा म्हणजे कुंपणावरचा साधासुधा नव्हे. बिअर्डेड ड्रॅगन! हातभर लांब, अंगभर काटे आणि हनुवटीखाली चक्क दाढी. राग आला की ती दाढी काळीकुट्ट व्हायची. एरवी काचेच्या पेटीत, दिव्याखाली, डोळे अर्धे मिटून तासन् तास निश्चल. एवढी एकाग्रता मला तीस वर्षांच्या जपात साधलेली नाही! सासूबाईंनी पहिल्याच दिवशी पेटीसमोर हात जोडले. "अगं बाई, हे तर बुवा आहेत!" तेव्हापासून तो बुवा.

लेकीला दोन तासांच्या वाटेवर, दुसऱ्या गावी नोकरी लागली होती. आधी तीन आठवडे प्रशिक्षण, मग तिकडेच बिऱ्हाड. तिच्या खोलीवर प्राणी चालत नव्हते. बुवांसाठी दोनच जागा होत्या. एक आमचं घर, दुसरं तिच्या मैत्रिणीचं.

"तीन आठवडे तुझ्याकडे ठेवून बघते," लेक म्हणाली. "आता चारशे चाळीस ग्रॅम आहे. चारशे तीस ते चारशे साठच्या मध्ये राहिला तर बुवा कायमचे तुझे. नाहीतर मैत्रिणीकडे."

"आईवर एवढा अविश्वास?"

"आई, आपला मासा आठवतोय ना?"

लेक दुसरीत असताना आमच्याकडे एक सोनेरी मासा होता. मी त्याला फार प्रेमानं खाऊ घालायची. शेवटी शेवटी तो पोहायचाच नाही, नुसता तरंगायचा. मला वाटायचं, सुखावलाय!

पण खरी गोष्ट सांगते. मला बुवांचं एवढं नव्हतं. बुवा जिथं राहतील तिथं दर शनिवारी लेक धावत येणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. बुवा मैत्रिणीकडे गेले की शनिवारही मैत्रिणीचा!

जाताना तिनं एक वही दिली. 'डोळे खोल गेले, डोक्यावर खड्डे पडले, शेपटीचं मूळ बारीक झालं, तर समज की वाळतोय.' आणि खाली एकच ओळ, 'जाड झाला तर ते तुला कळेलच.'

आता माझा रोजचा नेम सांगायला हवा, कारण सगळं घोडं तिथंच पेंड खातं. माझ्या हातून एखाद्या मुक्या जिवाच्या पोटात काही गेल्याशिवाय मी अन्नाला शिवत नाही. आधी खिडकीत चिमण्या यायच्या. सुतारानं डासांची जाळी ठोकली आणि चिमण्या बंद! मग शेजारच्या मांजराच्या मिनतवाऱ्या करून दिवस काढले, तर शेजारी मांजरासकट बिऱ्हाड हलवून गेले. बुवा आले तेव्हा वाटलं, देवानंच पाठवले!

बुवांबरोबर त्यांचं बिऱ्हाडही आलं. दिवा, दगड, ओंडका, अळ्यांची एक डबी आणि जिवंत रातकिड्यांचा एक मोठा डबा. हे बुवांचं खाणं! रविवारी दोन-चार रातकिडे आणि लाड म्हणून एखादी अळी, असं वहीत होतं. ते काम यांनी घेतलं. माझं मन धजेना. माझ्याकडे एवढंच, की सकाळी सहाला रातकिड्यांच्या डब्यात गाजराचा तुकडा टाकायचा. बिचारे तुटून पडायचे! पुढं काय वाढून ठेवलंय ते त्यांना कुठं ठाऊक? मी झाकण लावून त्यांच्या नावानं एक माळ ओढायची आणि मग बुवांची ताटली घ्यायची.

पहिले तीन दिवस बुवांनी हिरवा पाला चटाचटा खाल्ला. चौथ्या दिवशी मी पानं बारीक चिरून पुढं केली. बुवांनी एक डोळा उघडला. पानांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि डोळा मिटला.

"खा ना हो," मी हळूच म्हटलं.

बुवा समाधीत!

दुपार झाली. हे जेवायला बसले. "तुझं पान?"

"बुवांचं व्हायचंय."

"अगं, तो सरडा आहे! त्याच्या पंक्तीला बसायचं होतं तर माझ्याशी लग्न कशाला केलंस?"

मी पाणी प्यायले. दिवेलागणीला बुवांनी उपकार केल्यासारखं एक पान तोंडात धरलं, तेव्हा कुठं मी दोन घास खाल्ले. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. घरात चर्चा सुरू झाली. सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, बुवा बहुतेक कडक व्रतात आहेत." हे म्हणाले, "दोघांपैकी एकानं तरी माघार घ्या!"

रविवारी यांनी स्वयंपाकघरातला काटा पुढं ओढला. मी आडवी आले.

"ज्या काट्यावर मी देवापुढच्या साखरेचं माप घेते, त्यावर सरडा? आणि पाहुण्याचं वजन कोण करतं हो?"

"मग कळणार कसं?"

"हात आहे ना माझा!"

मी बुवांना तळहातावर घेतलं, डोळे मिटले. हात म्हणाला, पाचशे. मी दचकले. मग लक्षात आलं, उपाशी हाताला सगळंच जड लागतं! त्या दिवशी मला पाण्याचा तांब्याही वरवंट्यासारखा वाटत होता. मी विचार केला आणि अशक्तपणाचे सव्वाशे वजा केले. उरले पावणेचारशे! बुवा वाळत होते!

संध्याकाळी लेकीचा फोन. खोटं बोलायचं नाही हा तर माझा सगळ्यात जुना नेम.

"बुवा कसे आहेत?"

"शांत आहेत."

"खातात ना?"

"त्यांच्या इच्छेनं."

"वजन?"

"हातानं केलं बरं का. तू जेवलीस?"

दुसऱ्या आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या टेलरवहिनी वर आल्या. त्या माणसाकडे चेहरा म्हणून बघतच नाहीत, मापं म्हणून बघतात. बुवांना पाहताच त्यांनी गळ्यातली टेप काढली. "ताई, अंदाजपंचे दाहोदरसे कशाला? माप घेऊन ठेवू. कंबर साडेसात!" मी वहीत लिहून घेतलं. पुढच्या रविवारी त्यांनी पुन्हा टेप गुंडाळली आणि भुवया उंचावल्या.

"पावणेनऊ! अहो, गिऱ्हाईक असतं तर शिवण उसवून द्यावी लागली असती!"

"असं कसं? पोटात अन्नाचा कण नाही त्यांच्या!"

"मग वारा असेल."

मी बुवांना निरखून पाहिलं. डोक्यावर दोन टेंगळं आली होती. शेपटीचं मूळ अंगठ्याएवढं जाड झालं होतं. हनुवटीखाली तर वळ्या! उपासमारीनं अंगावर सूज येते, हे मी कुठंतरी ऐकलं होतं. बुवा नखशिखान्त सुजले होते! त्यांना हातात घेतलं. हात म्हणाला, पाचशे सत्तर. पण तोवर माझा अशक्तपणाही वाढला होता, म्हणून दोनशे वजा केले. तीनशे सत्तर! दोन दिवसांनी लेक येणार होती. तिला काय तोंड दाखवू? आधी मासा तरंगला, आता सरडा सुजला!

"अहो, चला दवाखान्यात," मी म्हटलं आणि उठताना भिंत धरली. यांचा चेहरा पांढरा पडला. का कोण जाणे, सासूबाईंचाही! दोघांनी एकमेकांकडे पाहिलंसुद्धा नाही. टेलरवहिनी दुकान बंद करून निघाल्या. यांनी मला न विचारता लेकीला फोन केला. "बुवा सीरियस!"

प्राण्यांच्या दवाखान्यात आमची वरात शिरली. कंपाउंडरनं माझ्याकडे पाहून आधी खुर्ची दिली, मग पाणी दिलं आणि मग विचारलं, "पेशंट कोण?"

मी कापडात गुंडाळलेले बुवा पुढं केले. रविवारच्या गर्दीत दोन तासांनी नंबर लागला, तेव्हा डॉक्टरांनी कापड उलगडलं. बुवांनी एक डोळा उघडला.

"काय होतंय याला?"

"पंधरा दिवस जेवले नाहीत हो," मी म्हटलं. "सुजलेत. आतून नुसते वाळलेत!"

डॉक्टरांनी बुवांना काट्यावर ठेवलं. चष्मा पुसला. पुन्हा आकडा पाहिला. एवढ्यात दार धाडकन उघडलं आणि लेक आत! खांद्यावर पिशवी, डोळ्यांत पाणी.

"किती?" तिनं विचारलं.

"पाचशे सत्तर," डॉक्टर म्हणाले.

माझा हात एका ग्रॅमनंही चुकला नव्हता! पण तेव्हा ते बोलून दाखवायची सोय नव्हती.

"ही सूज नाही बाई," डॉक्टर टेंगळांवर बोट ठेवत म्हणाले. "चरबी आहे. डोक्यावर चरबी, शेपटीत चरबी, पोटात चरबी. हा पंधरा दिवस जेवला नाही? हा पंधरा दिवस पंगतीवरून उठलेला नाही! कोण खायला घालतंय याला?"

कोपऱ्यातून सासूबाईंचा आवाज आला. "नुसता पाला कसा घालायचा बुवांना? मी आपलं दुपारी हिचा डोळा लागला की एक केळं..."

"रोज?" लेक किंचाळली.

"छोटंसं गं! आणि आंब्याची एखादी फोड. हिचा उपास सुरू झाल्यावर केळी दोन केली. म्हटलं, अंगात ताकद आली की खातील आपणहून."

यांनी घसा साफ केला. "मीही... म्हणजे हिचे हाल बघवेनात. ही पहाटे जपाला बसली की पाच-सहा अळ्या. भूक चाळवावी म्हणून!"

"बाबा! आठवड्याला एक लिहिली होती!"

"तो माझ्याकडे फार आशेनं बघायचा गं!"

टेलरवहिनी टेपशी चाळा करत होत्या. "माप घेताना हलू नये म्हणून मी नुसत्या गुलाबाच्या पाकळ्या दाखवायची. तो खायचा, त्याला मी काय करू?"

म्हणजे मी उपाशी राहते म्हणून हे सगळे बुवांना भरवत होते, बुवा भरलेल्या पोटी माझ्या ताटलीला तोंड लावत नव्हते आणि म्हणून मी उपाशी राहत होते! डॉक्टरांनी मला कुत्र्यांच्या मोठ्या काट्यावर उभं केलं. माझे साडेतीन किलो उतरले होते.

"बुवांना दोन महिने पथ्य," डॉक्टर म्हणाले. "आणि यांना ताबडतोब जेवायला घाला."

मी लेकीकडे बघायला धजेना. मी शनिवार गमावला होता. "ने गं बुवांना," मी पुटपुटले. "मैत्रिणीकडे ने."

लेक नाक ओढत माझ्याकडे बघत राहिली. मग एकदम कडाडली, "मैत्रिणीकडे? आणि तुझ्याकडे कोण बघणार? बुवा घरीच राहतील. दर शनिवारी मी येणार आणि दोघांनाही काट्यावर उभं करणार! आधी त्यांना, मग तुला! आणि तुझा हात नको मला, काटा हवा!"

मी मान खाली घातली, नाहीतर मोठ्यानं न हसण्याचा नेम तिथंच मोडला असता.

पण लेक माझीच. निघता निघता दारात थबकली.

"आई, रातकिड्यांना गाजर कोण घालायचं?"

"मीच की! रोज सकाळी सहाला. एक दिवस चुकले नाही," मी जरा ताठ होऊन म्हटलं.

"स्वतःच्या हातानं?"

"मग काय!"

"आणि ते खायचे?"

"खायचे म्हणजे? फडशा पाडायचे!"

डॉक्टर छताकडे बघू लागले. सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला की नेम तर रोज सकाळी सहालाच पुरा होत होता!

"पण ते मुके जीव कुठले?" मी हळू आवाजात म्हणून पाहिलं. "सारखी किरकिर तर असते त्यांची!"

कुणालाही पटलं नाही. तुम्हालाही पटणार नाही. म्हणून खोटं न बोलण्याचा नेम स्मरून सांगून टाकते, त्या रातकिड्यांना मी किराण्यात धरलं होतं.