शरणप्पांच्या वाकड्या सुऱ्या

आळंदमध्ये शरणप्पांची सुरी नाही असं घर नव्हतं, आणि ती वापरतात असंही घर नव्हतं. पातं आरशासारखं, धारही लागलेली. पण बटाटा कापायला घ्यावा तर सुरी मध्येच वाट सोडून बाजूला पळायची. फोड एकीकडे जाड, दुसरीकडे कागदासारखी.

शरणप्पा पोटासाठी अर्जनवीस. तहसील कचेरीसमोर कडुलिंबाखाली चटई टाकून लोकांचे अर्ज तेव्हाच्या सरकारी भाषेत, उर्दूत, लिहून देत. संध्याकाळी घरी आले की परसात भट्टी पेटायची. हा नाद त्यांना पन्नाशीत लागला. इमामसाब लोहारानं दोन महिने शिकवलं आणि मग हात जोडले. "अप्पा, लोहा तुमारा, पसीना तुमारा, पन मेरा नाम नक्को लेव."

गावानं कारण शोधून ठेवलं होतं. "उजवीकडनं उर्दू लिहून लिहून अप्पाची धारबी उलटी झालीय!" अप्पाही हसायचे.

कचेरीची भाषा भट्टीवरही सुटत नसे. लाल पातं पाण्यात घालताना तडकलं की, "दावा खारीज!" धार बघायला कांदा हवा असला की, "गवाहाला हाजिर करा." कांदा वाकडा कापला गेला की, "पुढची तारीख." सुरी कुणालाही फुकट देत. आठ दिवसांनी मात्र त्या घरी जाऊन उभे राहत.

"कशी चालायलीय?"

"वाकडी, अप्पा."

"घरात आणखी कुणी धरून बघितली का?"

"सगळ्यांनी बघितली. सगळ्यांना वाकडीच."

मी त्यांचा शेजारी. बाविशीतला, पत्रकं वाचून वाढलेला आणि आता स्वतः पत्रकं काढणारा. सरकारपुढं अर्ज करणं हीच गुलामी, हे मी त्यांना भिंतीवरून रोज ऐकवत असे.

"अप्पा, मुलूख पेटलाय आणि तुम्ही सुऱ्या घासायलाव?"

"लीडरसाब, तुझ्या भाषणानं कोण तापायलंय? माझं लोखंड तरी तापतंय."

पत्रकांचे ताव कापायला त्यांनी मलाही एक सुरी दिली होती. लाकडी पट्टी लावूनही ती तिरकी जायची. 'जुलमी राजवट उलथवा' यातलं 'उलथवा' हटकून शेजारच्या तुकड्यावर जायचं.

मग एका सभेत पोलिसांची लाठी माझ्या उजव्या मनगटावर बसली. पत्रकं तर दुसऱ्याच दिवशी वाटायची होती. उजवं कोपर पट्टीवर दाबून मी डाव्या हातानं सुरी चालवली. ताव सरळ कापला गेला. दुसराही. तिसराही.

"अप्पा!" मी भिंतीवरून ओरडलो. "तुमची सुरी डाव्या हातात सरळ चालायलीय!"

भाता थांबला. अप्पा काजळल्या हातांनीच माझ्या दारात आले.

"पुन्हा काप."

मी कापलं.

"बोट दुखतंय का? हातातनं सटकायलीय का?"

"न्हाई."

"खरं सांग. लीडरसारखं बोलू नको."

"खरंच न्हाई, अप्पा."

ते तिथंच खाली बसले. "धारेचा उतार मी मुद्दाम डाव्या हातासाठी देतोय. सात वर्षं झाली. मी पडलो उजवा, मला कसं कळावं जमली का न्हाई?"

"मग एखाद्या डावऱ्याला द्यायची!"

"आपल्यात कोण सांगतंय रं, मी डावरा हाय म्हणून? त्याच्यासाठीच घरोघर वाटल्या. कुणीतरी म्हणंल, अप्पा, मला चालली."

मग त्यांनी सगळं सांगितलं. त्यांची मुलगी नीलव्वा डावरी. सासरचे नावं ठेवतील म्हणून अप्पांनी तिचा डावा हात आपल्या उपरण्यानं कमरेला बांधून ठेवला होता. एक दिवस नाही, वर्षभर. तेराव्या वर्षी तिला हुमनाबादला दिली. तिथं उजव्या हातानं वांगी चिरताना तिनं डाव्या हाताच्या बोटाचं पेर कापून घेतलं. आळंदला निरोप तेवढा आला: "अप्पाला सांगा, उजवाच हात वापरला होता." त्यानंतर ती पंचमीला आली नाही. अप्पांनाही तोंड दाखवायला जाववलं नाही.

जुलमावर मी ढीगभर लिहिलं होतं. ते ताव बाजूला सारून मी अप्पांसमोर खाली बसलो.

अप्पांनी माझी सुरी उचलली आणि दगडानं हलके ठोके देत तिची मूठ काढायला लागले.

"अप्पा, आता चांगली चालायलीय तर मूठ कामून काढायलाव?"

"ही तुझ्या हाताला बसली. तिचा हात मी बघितला तो तेरा वर्षांचा. आता केवढा झाला असंल, त्या बोटानं तिला कसं धरता येतंय, मला काय ठाऊक?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ते हुमनाबादच्या मोटारीत बसले. मांडीवर फडक्यात गुंडाळलेलं बिनमुठीचं पातं, बाभळीच्या लाकडाचा एक ठोकळा आणि कानस.

"मूठ तिच्यासमोर बसून घासतो," ते म्हणाले. मोटार सुरू झाली तेव्हा खिडकीतून वाकून पुढं म्हणाले, "बसू दिलं तर."