घाटापुरता प्रश्न

तळोद्याच्या जीप स्टँडवर एक गृहस्थ रोज सकाळी धडगावच्या पहिल्या गाडीत सगळ्यांच्या आधी येऊन बसतात. ड्रायव्हरशेजारची खिडकीची जागा पकडतात. गाडी भरेपर्यंत तिथून हलत नाहीत. आणि गाडी भरली, ड्रायव्हरने चावी फिरवली, की शांतपणे उतरून चालत घरी जातात. मी त्यांना धडगावला गेलेलं एकदाही पाहिलेलं नाही.

त्यांचं नाव जिभाऊ. खानदेशात घरातल्या थोरल्याला असं म्हणतात, घरटी एक जिभाऊ असतो, पण तो घरात असतो. आमचे जीपमध्ये बसलेले असायचे.

मी धडगावला एका सरकारी ऑफिसात कारकून आहे. कुटुंब धुळ्याला, खोली तळोद्याला आणि खुर्ची सातपुड्याच्या डोक्यावर. रोज घाट चढायचा, रोज उतरायचा. त्यात मला गाडी लागते. बदलीची आशा मी सोडली आहे, लिंबू खिशात ठेवणं तेवढं सोडलेलं नाही. अशा माणसाला सकाळी सकाळी कोणी विचारलं, की "मालूम शे का साहेब, ऑक्टोपसले काळजं कितला ऱ्हातस?" तर त्याला काय वाटेल ते सांगायला नको. मला माझं एकच सांभाळणं जड जात होतं.

पहिले काही आठवडे मला वाटलं, हा माणूस ड्रायव्हरने ठेवलेला आहे. आमच्याकडे तशी पद्धतच आहे. गाडी भरल्याशिवाय निघत नाही, आणि रिकाम्या गाडीत कोणी बसत नाही. मग ड्रायव्हर ओळखीची दोन-चार माणसं नुसती बसवून ठेवतात. खरे पाशिंजर आले की ही खोटी माणसं एकेक करून उतरतात. जिभाऊ त्यातलेच असणार, असं मी गृहीत धरलं. फक्त खोटी माणसं गप्प बसतात, आणि हे बोलायचे.

"मालूम शे का?" ही त्यांची सुरुवात आणि "आते बोला!" हा शेवट. मधे काहीही असू शके. शुक्रावरचा एक दिवस तिथल्या एका वर्षापेक्षा मोठा असतो. (हे मला पटलं. आमच्या ऑफिसातला सोमवार तसाच असतो.) मध हजारो वर्षं नासत नाही. पांढऱ्या अस्वलाची कातडी… पण त्या अस्वलाकडे नंतर येतो, त्यानेच सगळा घोटाळा केला.

नोकरीत जिभाऊ हायस्कूलला पी.टी.चे मास्तर होते. शाळेत कोणताही शिक्षक रजेवर गेला की त्याच्या तासाला पी.टी.च्या मास्तरला पाठवतात, हे तुम्हाला आठवत असेल. वर्गात मैदान तर नसतं. मग ते मुलांना असं काहीतरी विचारायचे आणि उत्तर दुसऱ्या दिवशी द्यायचे. मुलं घंटा होईपर्यंत एकमेकांशी भांडत बसायची आणि मास्तर खिडकीतून मैदान बघत उभे राहायचे. निवृत्त झाले तरी पद्धत तीच. गाडीत बसल्या बसल्या ते कालपरवाच्या गमती सांगत. पण खरा प्रश्न टाकायचे तो गाडी सुटताना, खाली उतरून, खिडकीला हात लावून. उत्तर संध्याकाळी.

आणि घाट सुरू झाला की मोबाईलची रेंज जायची. आम्ही, तो प्रश्न आणि वळणं, बाकी काही नाही.

एकदा त्यांनी विचारलं, "जिराफनी मानमा हाडं जास्त, का तुम्हनी मानमा?" आणि गाडी सुटली. चांदसैलीच्या घाटात अख्खी जीप आपापली मान चाचपत होती. ग्रामसेवकाला स्वतःच्या मानेचं काही समजेना म्हणून तो पुढच्याची मान मोजायला लागला, पुढचा त्याच्या ओळखीचा नव्हता, त्यावरून थोडी बाचाबाची झाली. दवाखान्यातल्या सिस्टर होत्या, त्यांना उत्तर माहीत होतं, पण त्या हसू दाबून बाहेर बघत राहिल्या. संध्याकाळी कळलं, दोघांनाही सातच. त्या दिवशी मला उलटी झाली नाही, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

केळीचं झाड हे झाडच नसतं, हे त्यांनी सांगितलं तेव्हा तर मारामारीच व्हायची. मागे बसलेल्या एका शेतकऱ्याच्या तापीकाठी चांगल्या केळीच्या बागा होत्या. "मन्हा बापनी लावात, आज्यानी लावात, आनि तुम्ही म्हनतस झाड नही?" तो खालीच उतरायला निघाला. जिभाऊ म्हणाले, खोड कापून बघ, लाकूड सापडतं का. नुसती पानांची देठं एकावर एक गुंडाळलेली असतात. शेतकरी घाटभर कोणाशी बोलला नाही. त्या संध्याकाळी उतरल्यावर मात्र तो जिभाऊंना म्हणाला, "जिभाऊ, हाई आपला गावमा कोन्हाले सांगू नका."

संध्याकाळी ते स्टँडवरच्या चहाच्या टपरीशी उभे असत. आम्ही कंबर धरत उतरायचो आणि ते एवढंच म्हणायचे, "बोला." ज्याचं त्याने उत्तर सांगायचं. तळोद्याला आणि धडगावात रेंज असायची, पण तिथे मोबाईलला विचारायचं नाही हे आपोआप ठरलेलं होतं. कोणाचं उत्तर बरोबर आलं तर जिभाऊ "बरोबर शे" म्हणत आणि जरा हिरमुसत. चुकलं, की माणसाला खांद्याला धरून बसवत, चहा सांगत आणि अर्धा तास समजावत. मी बहुतेक वेळा "माहीत नाही, जिभाऊ" म्हणून सटकायचो. मला खोलीवर जाऊन आडवं व्हायचं असे.

ती खिडकीची जागा ते मला देत. मी पहिल्यांदा घाटात आडवा झालो त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी पुढून हात मागे करून माझा शर्ट ओढला, "साहेब, तुम्ही पुढे बठा," आणि स्वतः उतरले. तेव्हापासून ती जागा माझी झाली. मी आभार मानले की नाही, आठवत नाही.

मग एकदा ड्रायव्हरला, गुलाबसिंगला, मी सहज विचारलं, की यांना बसवण्याचे तू काय देतोस? गुलाबसिंग पाडवीचा हा वर्षानुवर्षांचा रूट. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मला खिडकीबाहेर बघावं लागलं.

"काय देणार साहेब? ते बाईची जागा धरतात."

जिभाऊंची बायको धडगावच्या पुढच्या एका पाड्यावर शाळेत शिक्षिका होती. तिलाही गाडी लागायची. तिची घरची कामं आटोपेपर्यंत नवरा पुढे येऊन खिडकीची जागा धरून बसायचा. ती आली की उतरायचा आणि जाता जाता एक प्रश्न टाकायचा, म्हणजे घाटात पोटाऐवजी डोकं चालू राहील. बाईंच्या निवृत्तीला थोडी वर्षं राहिली असताना त्या आजारपणात गेल्या. जिभाऊ काही दिवस आले नाहीत. मग एका सकाळी पुन्हा येऊन त्याच जागेवर बसले.

हे ऐकल्यावर मी त्यांच्याशी जास्त चांगलं वागायला लागलो असं म्हणायला मला आवडलं असतं. मी तेवढाच थकलेला राहिलो. फक्त त्यांचा आवाज नकोसा वाटेनासा झाला.

आणि मग घाटाच्या माथ्यावर टॉवर उभा राहिला.

सगळ्यांना आनंद झाला, मलाही झाला, घरी फोन लागायला लागला. त्याच सुमारास धडगावच्या बँकेत एक नवा साहेब आला, नाशिकचा, आणि आमच्याच गाडीने जायला लागला. मुलगा वाईट नव्हता, हुशार होता आणि मदतीला तत्पर. जिभाऊंनी खिडकीला हात लावून विचारलं, "पांढऱ्या अस्वलनी कातडी कोनता रंगनी ऱ्हास?" गाडीचं चाकही फिरलं नव्हतं. "काळी," बँकवाला म्हणाला आणि मोबाईल उंच धरून दाखवला. "हे बघा काका, फोटो पण आहे."

जिभाऊंनी फोटो पाहिला. "बरोबर शे," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जरा अवघड काढला. तोही पहिल्या वळणाच्या आत मेला. मग आणखी अवघड. बँकवाल्याला वाटायचं, आपण म्हाताऱ्याला खूश करतोय. तो संध्याकाळची वाट बघायला न लावता सकाळीच सगळं सांगून टाकायचा. गाडीतले बाकीचे आता आपापल्या पडद्यात डोकं घालून बसत. मी डोकं घालू शकत नव्हतो. खाली बघितलं की माझं पोट वर येतं. मी नुसता बाहेर बघायचो आणि पिशवी हातात धरून ठेवायचो.

एका सकाळी जिभाऊ उतरले, खिडकीला हात लावला आणि काहीच विचारलं नाही. "घाट सांभाळीसन जा," एवढंच म्हणाले. त्यांचा मुलगा सुरतेला असतो. संध्याकाळी टपरीशी त्यांनी मला सांगितलं, "पोऱ्या बलाई ऱ्हायना सुरतले. जासू म्हनस मी आते. आठे काय काम शे मन्हं?"

दुसऱ्या दिवसापासून ते आलेच नाहीत. खिडकीची जागा मी स्वतः धावत येऊन पकडली. त्या आठवड्यात मी घाटात इतका आडवा झालो की गुलाबसिंगने दोनदा गाडी थांबवली.

रविवारी मी त्यांच्या घरी गेलो. पलंगावर बॅग उघडी होती, कपडे अर्धे आत, अर्धे बाहेर. भिंतीवर बाईंचा हार घातलेला फोटो होता, चष्मा लावलेला, मुलांच्या वह्या तपासताना मधेच कोणी हाक मारावी तसा. मला खरंच त्यांनी जाऊ नये असं वाटत होतं, आणि तसं सरळ म्हणायला जीभ उचलत नव्हती. मी माझ्या पोटाची तक्रार केली.

"जिभाऊ, मला एक प्रश्न द्या. उद्याच्या घाटापुरता."

"मोबाईलले इचारी ल्या ना, साहेब. त्याले सगळं मालूम शे."

"मान खाली घातली की मला उलटी येते. मोबाईल बघता येत असता तर तुमच्याकडे कशाला आलो असतो?"

मग त्यांनी बॅगेतून एक शर्ट काढून खुंटीला लावला. एकच.

सोमवारी ते खिडकीत बसलेले होते. मला बसवलं, उतरले आणि बँकवाल्याला ऐकू जाऊ नये म्हणून थेट माझ्या कानाशी आले. "फुलपाखरू चव कशाघाई लेस?" फुलपाखरू चव कशाने घेतं. बँकवाला मागून विचारत होता, काय, काय म्हणाले काका? मी त्याला सांगितलं नाही. घाटभर तो अस्वस्थ होता आणि मी मजेत होतो.

अर्ध्या घाटात न राहवून मी गुलाबसिंगला हळूच विचारलं. तो हसायला लागला.

"पायांनी, साहेब. हा जुना आहे. बाईला पण विचारलेला."

"मग बाईंनी बरोबर सांगितलं असेल."

"बाईला सगळं बरोबर मालूम राहायचं. शाळेत शिकवायची ना ती. पहिल्या वळणावर मला उत्तर सांगून टाकायची. मग बाकीचा घाट विचार करायची, घरी चुकीचं काय सांगू." त्याने गिअर बदलला. "बरोबर सांगितलं तर जिभाऊ नाराज होतात, म्हणायची. चुकलं तर जेवण होईपर्यंत समजावत बसतात. फुलपाखराच्या टायमाला तिने सांगितलं, शेपटीनं. इथे गाडीत एकटीच हसत होती."

पुढचा सगळा घाट मी खिडकीबाहेर बघत राहिलो. मळमळही झाली नाही.

संध्याकाळी ते टपरीशी उभे होते. मी दमलो होतो, दिवसभर साहेबांनी पिळलं होतं, कंबर भरून आली होती. तरी मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

"बोला," जिभाऊ म्हणाले.

"शेपटीनं," मी म्हणालो.

त्यांचा हात माझ्या खांद्याकडे येता येता मधेच थांबला. त्यांनी मागे बघितलं. गुलाबसिंग गाडीची काच पुसत होता, तो आणखी जोरात पुसायला लागला.

"फुलपाखरूले शेपटी कोठली ऊनी, साहेब?" ते म्हणाले. मग हळूच, "तिले मालूम व्हतं. आनि तिले मालूम शे, हाई माले बी मालूम व्हतं."

मग त्यांनी मला खांद्याला धरून बाकावर बसवलं आणि टपरीवाल्याला दोन बोटं दाखवली.

"बठा. चहा लेवा. आते आयका, फुलपाखरूना पाय कशा ऱ्हातस ते."

मी बसलो. अर्धा तास बसलो.