सहाव्या नंबरचा न्याय

स्टॅन ह्राबाकने शपथ घेतली ती क्लबातल्या शुक्रवारच्या मासळीच्या जेवणात, तोंडात घास असताना. अमेरिकेतल्या पार्मा गावात त्याला सगळे न्यायमूर्ती म्हणायचे. बेसबॉलच्या बाद फेरीचा विषय निघाला की हा गृहस्थ ताट सरकवून निकालच द्यायचा.

"पूर्वी वसंतापासून राबून जो पहिला यायचा, तोच पुढे जायचा. आता पंधरातले सहा पुढे. ही काय खिरापत आहे? सहाव्या नंबरचा कुणी आत शिरला तर मी टीव्हीकडे बघणार नाही. मग तो आपला संघ का असेना."

आणि नेमका आपलाच शिरला. तोही कसा, तर शेवटच्या रविवारी हरून. ज्यांच्याशी चुरस होती तेही त्याच दुपारी हरले, आणि आपलं घोडं गंगेत न्हालं.

तीनातले दोन सामने जिंकेल तो पुढे, अशी फेरी होती. पहिल्या सामन्याला शेजारपाजारचे सगळे स्टॅनच्याच घरी जमले, कारण मोठा टीव्ही त्याचा. तो मात्र बाणेदारपणे गॅरेजात जाऊन बर्फ हटवायच्या यंत्राशेजारी बसला. संघ जिंकला. दुसऱ्या दिवशी त्याला राहवलं नाही. स्वयंपाकघराच्या दारामागून तो हळूच डोकावत राहिला, आणि संघाचा पार धुव्वा उडाला. शेजारचा एमिल कोवालचुक पिरोगी, म्हणजे बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या, घ्यायला उठला तेव्हा न्यायमूर्ती रंगेहाथ सापडले.

"तरीच म्हटलं," एमिल म्हणाला. "अरे कर्मदरिद्र्या, तू बघितलंस?"

आता सगळं तिसऱ्या सामन्यावर आलं. स्टॅनचा जीव कासावीस झाला. हा संघ पुढे गेलेला एकदा डोळ्यांनी बघावा, एवढीच त्याची आस होती.

"मार्लीन, शपथ मागे घेतो. पद्धत योग्य आहे, मी चारचौघांत सांगतो."

"पद्धत गेली खड्ड्यात," बायको म्हणाली. "तू गॅरेजात जा."

तो गेला. रेडिओ एमिलने आधीच काढून नेला होता. आतून नुसते उसासे ऐकू यायचे, त्यावरून आपण मागे पडलोय एवढं कळत होतं. शेवटचा डाव आला आणि स्टॅनला लघवीला लागली. बाथरूमची वाट टीव्हीसमोरून.

"धरून ठेव," एमिल दाराआडून म्हणाला.

"साठी उलटलीय माझी. काय धरून ठेवू?"

शेवटी मार्लीनने उशीचा अभ्रा आणला, नवऱ्याच्या डोक्यावर चढवला आणि हाताला धरून त्याला चालवू लागली. तो टीव्हीपुढे पोचला आणि आपल्या फलंदाजाने चेंडू थेट कुंपणापार भिरकावला. दोन धावा आल्या आणि संघ एका धावेने पुढे गेला. घर दणाणून गेलं.

"हलू नकोस," सगळे एकदम ओरडले.

"अरे पण मला..."

"त्यांचे तीन गडी बाद होईपर्यंत हलायचं नाही. अजिबात नाही."

स्टॅन पाय आवळून उभा राहिला. एक गडी बाद झाला. दुसऱ्याने चेंडूमागून चेंडू रेषेबाहेर टोलवले आणि बाद व्हायला नुसता जीव खाल्ला. मार्लीन नवऱ्याचा हात घट्ट धरून पुटपुटत होती, "थोडंच राहिलंय रे राजा." मग क्षणभर सगळं चिडीचूप झालं, आणि नंतर जो गलका उठला त्यात टेबलावरचं पातळ चीज कार्पेटवर सांडलं.

अभ्रा निघाला तेव्हा पडद्यावर आपली पोरं एकमेकांवर उड्या मारत होती. त्यांना बघून स्टॅन ढसाढसा रडला. जन्मात पहिल्यांदा त्याला हे दिसत होतं. एमिलने त्याला कडकडून मिठी मारली, तीही पोटावर.

"न्यायमूर्ती, आता खरं सांगा. समोरच्यांनी वर्षभरात आपल्यापेक्षा किती जास्त सामने जिंकले, आणि आज घरी बसले. हा न्याय झाला का?"

"मुळीच नाही," स्टॅन डोळे पुसत म्हणाला. "धडधडीत अन्याय आहे. जन्मभर मी तो सोसत आलो." त्याचा चेहरा हळूहळू उजळला. "पण तो करायला इतकं बरं वाटतं, हे मला कुणीच कधी सांगितलं नव्हतं."

आणि तो बाथरूमकडे पळाला.