देवीनं दिलेला पत्ता

आमच्या शेजारच्या मंजुळामावशींच्या अंगात देवी येते, आणि ती देवी लोकांना माझ्या ऑफिसची वेळ सांगते.

खोटं नाही सांगत. मालेगावात स्टँडमागे तरुण पोरापोरींसाठी एक मोफत खोली आहे. मनात काही खुपत असेल तर येऊन बोलायचं. तिथली समुपदेशक मी. बोर्ड लावला, कॉलेजात भाषणं ठोकली, पण कुत्रंही फिरकलं नाही. "आमची पोरगी का पागल हाये?" म्हणून आयाबाया माझ्यावरच उखडायच्या. आणि मग एका मंगळवारी दाराशी ही गर्दी! सगळ्यांचं उत्तर एकच, "मावशीच्या देवीनं पाठवलं." माझी पदवी गेली चुलीत!

चिडून मावशींच्या अंगणात गेले. भर दुपार, लख्ख ऊन. गावातल्या एका बापानं आपल्या वैशालीला मावशींसमोर बसवलं होतं. बारावी झाल्यापासून पोरीनं जेवण टाकलेलं, बोलणंही टाकलेलं. बाहेरचं लागलं म्हणून बाप तिला एका मांत्रिकाकडे नेणार होता. तो झाडूनं मारून भूत काढायचा. निघण्याआधी देवीचा कौल घ्यावा म्हणून बाप थांबला होता.

मावशी घुमायला लागल्या. एरवी त्या साधं चहाला बोलावतात तरी गल्लीच्या टोकावरच्या म्हशी वळून बघतात. पण आता त्यांच्या तोंडून निघाला एका कोवळ्या पोरीचा कापरा आवाज. अंगणातल्या कोंबड्या गप्प झाल्या. पिकलेले केस मोकळे, डोळे बापावर रोखलेले, पापणी लवत नव्हती.

"तिले मारू नोको," तो आवाज म्हणाला. "तिले कोनी इचारलंच नाही. स्टँडमांगच्या खोलीत ने. मंगळवार-शुक्रवार, दहा ते पाच. लंच टायमाले नोको जाऊ."

बापानं हात जोडले. "आधार कार्ड लागते काय माय?"

"नाही लागत!" देवी खेकसली.

मी हसणारच होते, पण थांबले. कारण वैशाली मावशींकडे टक लावून बघत होती आणि दोघींचे ओठ एकदमच हलत होते.

वैशाली आली. आधी नुसतीच रडायची, मग बोलायला लागली. काय बोलली ते इथं सांगणार नाही, ते तिचं आहे. आता जेवते, वर माझ्या डब्यातलं लोणचंही पळवते. दर वेळी मावशी तिला घेऊन यायच्या आणि बाहेर पायरीवर बसून राहायच्या.

एकदा न राहवून विचारलंच, "मावशी, खरंच येते का हो देवी?"

"थे आली म्हनून त लोकायनं आयकलं बाप्पा! नवी नवरी होती मी. माझं सांगू गेली त कोनी आयके नाही. एक दिवस जोरानं किंचाळली, त सासूनं नारळ फोडला अन् माझ्याच पाया पडली!" मावशी खो खो हसल्या. मला मात्र भडभडून आलं.

गेल्या शुक्रवारी वैशालीचं बोलून झालं, ती स्टँडकडे गेली, तरी मावशी पायरीवरून उठेनात. मग आत आल्या. दार हळूच लोटून घेतलं आणि खुर्चीच्या कडेवर टेकल्या.

"काव पोरी, इथं जवान पोरायचंच आयकतात काय?"

"हो मावशी. का?"

त्यांनी पदराचं टोक पिळलं.

"माझं त मी अठरा वर्साची होती तवाचं हाय," त्या म्हणाल्या. "चालते काय?"