जिताड्याची मंजुरी

कोपरखारच्या खाडीत जिताडा हा मासा गरवायचा, म्हणजे गळाने धरायचा असेल, तर रॉड, रील, दोर आणि खोटा मासा हे सगळं सामान एखाद्या जिताड्याने तपासून मंजूर केलेलं असावं लागतं, आणि या कामासाठी जिताडे दर बुधवारी भरतीला तांडेलांच्या दुकानात येतात. दुकान बांधाला लागूनच आहे. पाणी चढलं की उघाडीची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराची, झडप उचलतात, खाडीचं पाणी नळातून दुकानामागच्या सिमेंटच्या टाकीत येतं, आणि पाण्याबरोबर त्या आठवड्याचा सल्लागार येतो. ओहोटी लागायच्या आत त्याला परत जायचं असतं, म्हणून गिऱ्हाइकांनी वेळेवर यावं अशी पाटी दारावर लावलेली आहे.

नियम जुना आहे. मासा गळाला लागणार हे दोन्ही बाजूंना मान्यच होतं. वाद होता तो कशाने लागणार, एवढाच. दोर कच्चा निघाला तर तुटतो आणि गळ माशाच्या तोंडात राहतो. रॉड नको तितका ताठ असला तर ओठ फाटतो. सामान निवडणार एक आणि भोगणार दुसरा. एका वर्षी जिताड्यांनी सबंध हंगामभर खाडी सोडली, तेव्हा गावाने बोलणी केली आणि हा नियम झाला. गळाने धरलेला जिताडा परत पाण्यात सोडायचा, हेही त्यातच ठरलं. जाळ्याचा विषय त्यात येत नाही. तो वेगळ्या विभागाकडे आहे.

हसुराम घरत त्या दुकानात आठ वर्षांनी आले. एस.टी.च्या कार्यशाळेत त्यांनी तीस वर्षं मेकॅनिक म्हणून काढली होती, आणि सुट्टीच्या दिवशी त्यांच्याइतका लांब गळ फेकणारा माणूस बांधावर दुसरा नव्हता. मग त्यांच्याविरुद्ध एका जिताड्याने तक्रार केली आणि मंजुरी रद्द झाली. दिलगिरी व्यक्त करून नव्याने अर्ज करता आला असता. पण एका माशाची माफी मागायची, हे त्या वेळच्या हसुरामांना जमण्यासारखं नव्हतं. त्यांनी सामान विकून टाकलं आणि खाडीकडे पाठ करून ओटीवर बसायला सुरुवात केली.

गेल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. बोलणं परत आलं, पायही बऱ्यापैकी परत आला, उजवा हात मात्र आला नाही. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी दाबायला रबरी चेंडू दिला होता. हसुराम तो दोनदा दाबत आणि खिडकीबाहेर टाकत. त्यांची मुलगी प्रणिता औषधांच्या दुकानात नोकरीला होती. ती संध्याकाळी घरी येताना अंगणातून चेंडू उचलून आणायची. असे तीन महिने गेल्यावर तिने एका मंगळवारी सांगितलं की उद्या रजा काढली आहे, तांडेलांकडे जायचं आहे. हसुराम नको म्हणाले. सकाळी मात्र ते इस्त्रीचा शर्ट घालून तयार होते.

भास्कर तांडेलांनी त्यांना खुर्ची दिली. हसुराम बसले नाहीत. ते भिंतीपाशी गेले आणि त्यांनी डाव्या हाताने आठ फुटी जाड रॉड काढला, पूर्वी ते वापरत तसलाच. उजव्या हातात घ्यायला गेले तर तो सरळ फरशीवर पडला. प्रणिताने उचलून जागेवर ठेवला. मग भास्करांनी कपाटातून मोटरवर चालणारं रील काढलं आणि याला नुसतं बटण दाबायचं असतं, असं सांगितलं. हसुरामांनी ते पाहिलं आणि बटण दाबायला पंखा आहे घरी, असं म्हणून परत दिलं.

इतक्यात टाकीत पाणी येऊ लागलं.

त्या दिवशी सल्लागार म्हणून एक वयस्क जिताडी आली होती. लांबी सव्वातीन हात, पाठ काळपट, डोळे तांबूस. खालच्या जबड्याच्या उजव्या बाजूला एक जुनी खाच होती. तिने टाकीच्या कडेवर हनुवटी टेकवली, कल्ल्यांची दोनदा उघडझाप केली आणि अर्जदाराचं नाव विचारलं. भास्करांनी नाव सांगितलं आणि नोंदवही उघडून मागची हकिगत वाचून दाखवली. मंजुरी आठ वर्षांपूर्वी रद्द. कारण, न तपासलेलं सामान वापरलं, दोर तुटला, तीन काट्यांचा गळ माशाच्या जबड्यात राहिला. तक्रारदार, जिताडा क्रमांक एक्केचाळीस, नर.

हसुरामांनी घसा साफ केला. ते म्हणाले की ते क्रमांक एक्केचाळीस अजून हयात असतील, तर त्यांना भेटून दोन शब्द बोलावेत, अशी त्यांची इच्छा आहे.

"बोला," जिताडी म्हणाली. "मीच तो."

भास्करांनी वहीकडे पाहिलं. "इथं नर लिहिलंय."

"तेव्हा होतो. आम्ही वाढलो की मादी होतो. नोंद दुरुस्त करायची राहून गेली."

भास्करांनी 'नर' खोडलं, वर 'मादी' लिहिलं आणि शेजारी तारखेसह सही केली. मग त्यांनी नियमाची आठवण करून दिली. तक्रारदाराने स्वतःच्याच प्रकरणात तपासणी करू नये, असं नाही. पण अर्जदाराची हरकत असेल तर पुढच्या बुधवारी दुसरा सल्लागार येईल.

हसुराम त्या खाचेकडे पाहत होते. आज घरी गेलो तर पुढचा बुधवार येणार नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. प्रणितालाही माहीत होतं, पण ती पाण्याकडे बघत राहिली.

"हरकत नाही," ते म्हणाले. आणि मग, कुणी विचारलेलं नसताना, त्यांनी त्या सकाळची गोष्ट सांगितली. कार्यशाळेतले चार जण बरोबर होते. त्यांच्यापुढे मोठेपणा करायचा होता. बुधवारपर्यंत थांबायला वेळ नव्हता. "दोर जुना होता. उन्हात सुकून कडक झालेला होता. तुटणार हे मला माहीत होतं, तरी फेकला. चुकलं माझं."

जिताडीने सांगितलं की तिला एक सबंध उन्हाळा तोंड पुरतं मिटता आलं नाही. मोठी कोळंबी गिळता येईना, म्हणून जवळ्यावर दिवस काढले. पावसाळ्याअखेर खाऱ्या पाण्याने लोखंड खाल्लं आणि काटे गळून पडले. हे सांगताना तिचा आवाज चढला नाही. शेवटी ती भास्करांना म्हणाली, "दोर जुना होता हे माहीत होतं, असं लिहून घ्या. आठ वर्षं वहीत त्यांच्या म्हणण्याची जागा कोरी आहे." भास्करांनी लिहून घेतलं.

"आता हात दाखवा."

हसुरामांनी बाही वर करून उजवा हात पाण्यात सोडला. जिताडीने मनगटापासून बोटांपर्यंत ओठ फिरवून पाहिलं. मग वळली आणि शेपटीची मुळी त्यांच्या तळव्यात देऊन, धरा, म्हणाली. बोटं अर्धी वळली आणि तिथेच राहिली. शेपटी सहज निसटली. हसुरामांनी हात बाहेर काढायला सुरुवात केली, तेव्हा तिने पुन्हा शेपटी दिली. तिसऱ्या वेळेला ती किंचित अडकली.

यानंतर तिने सामान सांगितलं आणि भास्करांनी एकेक वस्तू काढून टाकीच्या कडेवर मांडली. रॉड साडेसहा फुटी, हलका, टोकाला नरम आणि मुठीकडे दणकट. तो डाव्या हातात धरायचा. रील लहान, आणि त्याची मूठ उजव्या बाजूला बसवायची.

इथे प्रणिताने हरकत घेतली. उजवा हातच चालत नाही, मग फिरवायचं काम त्याच हाताला कसं द्यायचं, असं तिचं म्हणणं होतं.

"म्हणूनच," जिताडी म्हणाली.

दोर विणीचा, बारीक पण वीस पौंड तोलणारा. त्याच्या पुढे हातभर जाड नायलॉन, कारण जिताड्याच्या कल्ल्याची कड पात्यासारखी असते आणि बारीक दोर ती कापून टाकते. भास्करांनी खोट्या माशांचा डबा उघडला तेव्हा हसुरामांचा डावा हात आपोआप एका चंदेरी माशाकडे गेला. पूर्वी ते तसलाच वापरत, पाण्यावरून सपासप पळवत. जिताडीने नकार दिला. तिने डब्यातली भुऱ्या रंगाची रबरी कोळंबी मागितली, एकाच गळाची, आणि गळाचा उलटा काटा पक्कडीने चेपायला लावला.

"याला फार हळू ओढावं लागतं," हसुराम म्हणाले.

"तुम्ही हळूच ओढणार आहात. घाईत ओढणारे पुष्कळ येतात. कोळंबी अशी धावत नाही, हे आम्हाला लांबून कळतं. तुमची कोळंबी खरी वाटेल."

हसुरामांनी ती कोळंबी तळहातावर घेऊन पाहिली. आजारपणापासून त्यांच्या संथपणाचं कुणी कौतुक केलं नव्हतं.

मग चाचणी झाली. गळाच्या टोकाला बुचाचा तुकडा लावला, जिताडीने कोळंबी तोंडात धरली आणि ती टाकीच्या पलीकडच्या टोकाला गेली. नियमाप्रमाणे रीलच्या मुठीचे बारा फेरे व्हायला हवे होते. हसुरामांनी रॉड डाव्या काखेत दाबून धरला आणि उजव्या हाताची बोटं प्रणिताच्या मदतीशिवाय मुठीवर बसवली. त्यालाच दोन मिनिटं गेली. मूठ पाव फेरा फिरली आणि थांबली. जिताडीने दोर सैल पडू दिला नाही की ओढलाही नाही. ती होती तिथे उभी राहिली. दुसऱ्यांदा अर्धा झाला. हसुरामांच्या कपाळावरून घाम वाहू लागला. त्यांना कार्यशाळेतले गंजलेले नट आठवले. ते जोर लावून सुटत नसत. थोडं पुढे, थोडं मागे करत राहिलं की एका क्षणी सुटत. त्यांनी मूठ थोडी मागे घेतली आणि मग पुढे नेली.

"एक," भास्कर म्हणाले.

सातवा फेरा झाला तेव्हा नळाच्या तोंडाशी पाणी उलटं वाहू लागलं. ओहोटी लागली होती. भास्करांनी वेळ संपल्याचं सांगितलं. हसुरामांनी रॉड खाली ठेवला आणि बारा झाले नाहीत, असं स्वतःच म्हणाले.

जिताडी कडेला आली आणि तिने कोळंबी तोंडातून काढून ठेवली. तात्पुरत्या मंजुरीची सोय नियमात आहे, असं ती म्हणाली. दोन महिन्यांची, फक्त बांधावरून, होडीतून नाही. तिने अंग कडेला घासून एक खवला सोडला. भास्करांनी तो कागदावर चिकटवला, वर शिक्का मारला आणि कागद वाळायला ठेवला.

"बाई," हसुराम म्हणाले, "तुम्ही गळाला याल का?"

"माझं वय झालं. पण खाडीत सांगून ठेवीन."

ती नळातून निघून गेली.

त्यानंतर हसुराम रोज बांधावर जाऊ लागले. सुरुवातीला कोळंबी त्यांच्या पायापासून दहा हातांवर पडायची. डाव्या हाताला फेकायची सवय नव्हती आणि उजव्याला कसलीच. एकदा दोराचा असा गुंता झाला की तो सोडवण्यात दुपार गेली. तो उजव्या हाताच्या बोटांनी सोडवला, हे घरी आल्यावर त्यांच्या लक्षात आलं. महिनाभरात फेक तिवरांच्या, म्हणजे खारफुटीच्या झाडांच्या, पहिल्या रांगेपर्यंत पोहोचली. मासा मात्र लागला नाही. प्रणिता विचारायची नाही आणि तेही सांगायचे नाहीत.

सातव्या आठवड्यात, एका रविवारी सकाळी, प्रणिता डबा घेऊन बरोबर आली होती. हसुराम तिवरांच्या मुळांशी टाकलेली कोळंबी अगदी सावकाश आणत होते. तेवढ्यात दोर जड झाला आणि पाण्यात एक पांढरं पोट चमकून गेलं. रील करकरलं. जिताडा पंधरा हात दोर घेऊन गेला, पाण्याबाहेर उडाला, डोकं झटकून पुन्हा खाली गेला. हसुरामांनी रॉड काखेत दाबला. काही बोलायचं तर दात आवळलेले होते.

त्यांनी सहा फेरे केले. मग हात थांबला. बोटं मुठीवर होती, पण त्यांच्यात काही उरलं नव्हतं. प्रणिता पुढे झाली आणि त्यांनी नकाराची मान हलवली तशी मागे सरली.

पाण्यातून गळाला लागलेल्या जिताड्याचं तरुण डोकं वर आलं. साडेतीन किलोचा असेल, नर.

"दमलात का?" त्याने विचारलं.

"दमलो."

"मग थांबा थोडं. मीही दमलोय. भरती पुरी व्हायला अजून पाऊण तास आहे."

हसुराम दगडावर बसले. जिताडा तिवराच्या सावलीत स्थिर राहिला. दोर दोघांच्या मध्ये ताठ होता, फार नाही, थोडासा. प्रणिताने डबा उघडून वडिलांना तांदळाच्या भाकरीचा तुकडा भरवला. वारा नव्हता. पाणी हळूहळू बांधाला चढत होतं. हसुरामांनी बोटं उघडली आणि मिटली. ती पूर्ण मिटली.

"चला," ते म्हणाले.

"चला," जिताडा म्हणाला आणि त्याने पुन्हा उडी घेतली.